मामानं घेतलेलं नाव

आईला मारलं त्या वर्षी मी दहावीत होते. आमचं गाव पारगावच्या पुढं. साखर कारखाना चालू होता आणि ऊसतोड आमच्या शिवारापर्यंत आली होती. आई दुपारी गुरांसाठी उसाचं वाढं आणायला गेली, ती दिवस कलला तरी आली नाही. वडील शोधायला गेले. बांधाच्या कडेला त्यांना ती सापडली. गळ्याभोवती तिचाच पदर आवळलेला होता आणि कानातली फुलं ओरबाडून नेली होती.

दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गावात एक म्हातारी अशीच गेली होती, भर दुपारी, शेतात एकटी असताना. तेव्हा कुणी वाटसरूनं केलं असेल म्हणून लोकांनी विषय सोडून दिला होता. आईनंतर मात्र सगळ्या बायका जोडीनं शेतात जाऊ लागल्या.

पोलिसांनी आधी तोडीवाल्यांना विचारलं, मग वडिलांना नेलं. नवऱ्याला विचारतातच, असं सगळे म्हणाले. पण वडील परत आले नाहीत. आईचा सख्खा भाऊ, माझा मामा, आळेफाट्याला गॅरेज चालवायचा. तो मला त्याच्या घरी घेऊन गेला. आईसारखाच चेहरा, तसंच मान तिरकी करून ऐकणं. मला जेवण जायचं नाही, तर तो गॅरेज टाकून यायचा, ताटाजवळ बसायचा आणि सांगायचा, ''मी हाय ना. तू कशाला घाबरते?'' त्या दिवसांत मला जगात फक्त त्याचा आधार वाटत होता.

मी तिथं असतानाच तिसरी बातमी आली. नदीपलीकडच्या वस्तीवर एक बाई तशीच सापडली होती. तसाच पदर, तसेच उघडे कान. त्या वेळी वडील पोलिसांच्याच ताब्यात होते, म्हणून ते सुटले. मला आनंद झाला. एका बाईच्या मरणाचा आपल्याला आनंद झालाय, हे ध्यानात यायला फार वर्षं गेली.

मामानंच मला घरी सोडलं, पण तो आत आला नाही. मोटारसायकल चालूच ठेवून, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून गेला. वडील ओट्यावर बसले होते, खूप वाळले होते. मामा गेला त्या रस्त्याकडं बघत त्यांनी मला सांगितलं, की माझं नाव पोलिसांना तुझ्या मामानंच दिलं. आई दिवाळीला माहेरी गेली होती तेव्हा रडत आली होती आणि नवऱ्यानं जिवं मारायची धमकी दिली म्हणत होती, असं त्यानं वडिलांच्या तोंडावर सांगितलं होतं.

त्या दिवाळीला मी आईबरोबर होते. आई रडली होती ती मामीशी साडीवरून झालेल्या बोलाचालीमुळं. मामालाही ते माहीत होतं.

वडील पुढं त्याच्याविषयी कधी वाईट बोलले नाहीत. फक्त शेतात जाताना घराच्या पुढच्या रस्त्यानं न जाता मागून जायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा मामाला बोलवायचं नाही, असं मी म्हणाले. ते म्हणाले, ''तुझ्या आईचा भाऊ हाय. पाठीशी मामाच उभा राहतो.''

मामा आला. मला मांडवात न्यायला तो खोलीत आला तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी त्याला विचारलं, तू खोटं का सांगितलंस?

''मला कुणीतरी पाहिजे व्हतं गं,'' तो म्हणाला. ''बहीण गेली अन् समोर कुणीच न्हाई. दाजी समोर व्हते.''

मग त्यानं माझा दंड धरला आणि मला मांडवात नेलं. मंगलाष्टकं होईपर्यंत तो माझ्या मागं उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

खुनी सापडला नाही. चौथी बाई गेली नाही आणि हळूहळू चौकशीला कुणी येईनासं झालं. लोक म्हणत, करणारा तोडीबरोबर आला आणि तोडीबरोबर गेला. काही जण वेगळंही म्हणत, की तिसरीला मारणारा दुसराच असेल, पहिल्याचं बघून केलं असेल. असं कुणी म्हटलं की वडील पुन्हा संशयात यायचे.

ते वारले तेव्हा दहाव्याला मामा आला होता. घाटावर आमच्या भावकीतल्या एकानं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, ''आता तरी सांगा पावणं. माणूस चांगला व्हता का न्हाई?'' माझ्याकडं एकदा बघून मामानं टोपी नीट केली आणि पिंडांकडं तोंड करून उभा राहिला. एवढं एक वाक्य त्यानं उच्चारलं असतं, तर मी त्याला सगळं माफ करणार होते.

गेल्या वर्षी त्याच्या नातीच्या बारशाला मी माझ्या लेकीला घेऊन आळेफाट्याला गेले होते. परत येताना एसटीत ती गप्प होती. मंचरच्या अलीकडं तिनं विचारलं, ''आजोबांनी आजीला मारलं व्हतं का? तिथली पोरं म्हणत व्हती.''

मी तिला सगळं सांगितलं. म्हातारी, पदर, तिसरी बातमी, वडिलांची सुटका, मामा. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ''मग मारलं कुणी?''

मी सांगितलं, माहीत नाही. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. तिचा माझ्यावर पुरता विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं.