हाताला गार

नांदे गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातले काका मदरबोर्डच्या खोक्यावरचं काही वाचत नाहीत. प्रोसेसर नेमल्या वेगापेक्षा जास्त पळवायचाय, असं मी चाचरत सांगितलं, तेव्हा त्यांनी तीन बोर्ड हातात तोलले आणि एकावरच्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर अंगठा दाबला.

"ह्यो घ्या, ताई. जास्त पळवलं की हितंच तापतं."

दुरुस्तीला आलेलं काहीही ते आधी तळहाताने चाचपतात. तापलेलं असलं की गिऱ्हाइकावर चिडतात. "मुकं हाय म्हणून काय जीवच घ्यायचा?"

हिंजवडीतल्या एका नोकरीसाठी मला दोन दिवसांत ॲनिमेशन करून द्यायचं होतं. नेमका पंखा वाजायला लागला, म्हणून कॉम्प्युटर त्यांच्याकडे नेला. आवाज थांबला, पण ॲनिमेशन वेळेत झालं नाही. नोकरी हुकल्यावर मी सेटिंग पाहिलं. मी वाढवलेला वेग कुणीतरी मूळ आकड्यावर आणून ठेवला होता.

मी विचारायला गेले.

"मीच हळू केला. लई तापत हुता," ते म्हणाले. मग हातातलं काम थांबवून त्यांनी काळजीने विचारलं, "आता गार ऱ्हातोय न्हवं?"



"हो काका," मी म्हणाले, "अगदी गार राहतो."