पहिल्या भागाला हात लावायचा नाही

एप्रिलचा दुसरा रविवार, २०१४. काम : कॉम्प्युटरचा ई ड्राइव्ह रिकामा करणे, आणि मग साडेनऊची पाटणची बस पकडणे.

ई ड्राइव्हमध्ये भासऱ्यांचा पसारा होता. भासरे म्हणजे माझे थोरले दीर. फॅक्टरीच्या कॉम्प्युटर सेक्शनमधून रिटायर झालेले, जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर राहणारे, आणि घरात कॉम्प्युटर कळतो तो फक्त आपल्याला, अशी खात्री बाळगून असलेले. भेडाघाटला पाहुण्यांना घेऊन गेले की फोटो काढायचे आणि आमच्या मशीनमध्ये ओतायचे. प्रत्येक फोटोत मधे ते आणि मागे संगमरवर. मी सगळे फोटो सीडीवर उतरवले, सीडीवर त्यांचं नाव लिहिलं आणि ड्राइव्ह पुसून टाकला.

त्याच आठवड्यात पेपरमध्ये आलं होतं की विंडोज एक्सपीला आता कंपनीकडून दुरुस्त्या मिळणार नाहीत. पेपर चौघडी करून भासरे वर आले. मी स्वयंपाकघरात होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात सुनेने भासऱ्यांशी सरळ बोलायचं नाही. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही. जे सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं, तो पुढे सांगणार. हा नियम सासूबाईंनी अमरावतीकडून आणला होता. त्या गेल्या, नियम राहिला. मीही तो कधी मोडला नाही, कारण नको असलेल्या माणसाशी बोलावं लागत नाही हा काही तोटा नव्हे. भासऱ्यांचा आवाज मोठा आहे, तो स्वयंपाकघरापर्यंत येतो. माझा आवाज बाहेरच्या खोलीत जायचा नाही. मधे नवरा.

"तिला सांग, एक्सपी संपलं. आपण आता सेव्हन टाकून घेऊ," बाहेरून आलं.

नवरा आत आला. मी म्हटलं, "अहो, त्यांना सांगा, या मशीनमध्ये पाचशे बारा रॅम आहे. सेव्हनला कमीत कमी एक जीबी लागते. त्यांनी आणलेल्या सेव्हनच्या डिस्कच्या डब्यावर लिहिलंय, वाचा म्हणावं."

नवरा बाहेर गेला. "दादा, ती म्हणते रॅम थोडी कमी पडेल."

"काहून पडेल? आम्ही याच्याहून लहान मशीनवर अख्ख्या फॅक्टरीचे पगार काढले. आता ही मला रॅम शिकवून राहिली."

"पगार सेव्हनवर काढत नव्हते म्हणावं."

"दादा, ती म्हणते तेव्हाचं जरा वेगळं होतं."

हे असं. 'थोडी' त्याने घातलं, 'जरा'ही त्यानेच घातलं. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य बाहेरच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचे सगळे दात पडलेले असायचे. इतकी वर्षं मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. भाजी, पाहुणे, पाण्याची मोटर, यात दात असले काय नि नसले काय.

पण हे मशीन माझं काम होतं. मी घरी मराठी टायपिंग करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळाची स्मरणिका. जबलपुरात मराठी घरं पुष्कळ आहेत, पण प्रेसमध्ये मराठीचा माणूस नाही. प्रेसवाल्याला हाताने लिहिलेला मजकूर दिला तर अर्धी पत्रिका हिंदीत होऊन येते आणि वर तो म्हणतो, "दीदी, मतलब तो वही है." म्हणून लोक माझ्याकडे येतात. माझं टायपिंगचं पॅकेज जुनं आहे. त्याच्याबरोबर बोटभर लांबीची एक डबी आली, तिला लॉक म्हणतात. ती कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचल्याशिवाय पॅकेज उघडत नाही. आणि ती डबी एक्सपीच्या पुढचं काही ओळखत नाही. नागपूरच्या ज्या दुकानातून पॅकेज घेतलं ते दुकान बंद झालं. म्हणजे एक्सपी गेलं की पॅकेज गेलं, पॅकेज गेलं की माझं काम गेलं. इतका साधा हिशेब होता.

मी पर्याय तपासले होते. मशीन नेटवरून काढून टाकायचं आणि एक्सपी तसंच ठेवायचं, हा सगळ्यांत चांगला. जे मशीन बाहेर जातच नाही त्याला बाहेरच्या दुरुस्त्या कशाला हव्यात? पेन ड्राइव्ह मी तशीही कुणाचीच लावू देत नाही. पण भासऱ्यांना पेन्शनचं काहीतरी नेटवर बघायचं असायचं आणि तिथे 'तुमचं ब्राउझर जुनं आहे' असं यायला लागलं होतं. फुकट मिळणारी लिनक्सही होती. तिच्यावर माझं पॅकेज चालत नाही, आणि भासऱ्यांना फुकटचं काही चालत नाही. मग उरलं एकच : एकाच मशीनमध्ये दोन्ही. मशीनच्या आतल्या डिस्कचे तीन भाग आहेत, सी, डी, ई. पहिल्या भागात माझं एक्सपी जसंच्या तसं, तिसऱ्या भागात, म्हणजे रिकाम्या ई-मध्ये, त्यांचं सेव्हन. सुरू करताना मशीन विचारतं, कुठलं हवं. पाचशे बारावर सेव्हन रांगणार हे मला माहीत होतं. रांगू दे. आठवड्यात ते स्वतःच कंटाळले असते, आणि मला एक शब्दही बोलावा लागला नसता.

मी स्वतःच टाकलं असतं, पण डिस्क त्यांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. मी पाटणहून आल्यावर करू, असा निरोप पाठवला. उत्तर आलं, "शुभस्य शीघ्रम्."

म्हणून मी चिठ्ठी लिहिली. 'पहिल्या भागाला हात लावायचा नाही. सेव्हन तिसऱ्या भागात टाकायचं. डिस्कवरून सुरू केल्यावर सी, डी, ई अशी अक्षरं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. तिसराच घ्यायचा.' चिठ्ठी नवऱ्याच्या हातात दिली.

त्याने वाचली. "लावायचा नाही? दादाला असं लिहितात का?"

"असंच कळतं."

"एखादं 'कृपया' तरी घालायचं होतंस."

"बस आहे माझी. तुम्ही घाला आणि द्या."

त्याने चिठ्ठीची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मी बघितलं. बससाठी पाच मिनिटं उरली होती, मी निघाले. ही चूक माझी.

पाटणला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे पत्रिकेचा नमुना दाखवायचा होता. नातीचं लग्न, वर विदर्भातला. पाटणला तीन पिढ्या राहिल्यामुळे घरात बोलणं अर्धं हिंदी, पण पत्रिका मात्र पूर्ण मराठी हवी. आजोबांनी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचली.

"बाई, बाकी सब ठीक है. पण माझ्या बहिणीचं नाव काहून नाही?"

"तुम्ही दिलेल्या यादीत नव्हतं, काका."

"यादी लड़के ने बनाई. लड़के को क्या पता, बहीण माझी आहे. नाव नसेल तर ती मांडवात येईल आणि पत्रिका वाचून परत जाईल. अशी आहे ती."

"घालते नाव."

"कधी? प्रेसवाला म्हणतो उद्या दुपारनंतर दिलं तर तो नाही छापणार."

"उद्या दुपारच्या आत त्याच्याकडे असेल."

शब्द देऊन मी परतीची बस धरली. पाचच्या सुमारास घरी आले. बाहेरच्या खोलीच्या दारातूनच कॉम्प्युटर दिसला. पडद्यावर निळं-हिरवं चित्र आणि परातीएवढी आयकॉन्स. खुर्चीवर भासरे, मागे नवरा उभा.

"चलो, हो गया. तिला सांग, फर्स्ट क्लास झालं," भासरे पडद्याकडे बघतच म्हणाले.

मी दारातूनच हळू आवाजात नवऱ्याला म्हटलं, "विचारा, कुठल्या भागात टाकलं?"

"दादा, कुठल्या भागात..."

"पहिल्या. सिस्टीम पहिल्यातच असते नेहमी. आणि तिला सांग, आधी फॉरमॅट मारून साफ केलं. काय कचरा भरून ठेवला होता त्यात!"

मी आत गेले आणि नवऱ्याच्या खिशात हात घातला. चिठ्ठी तिथेच होती. घडी उलगडलेलीसुद्धा नव्हती.

"अगं, मी तोंडी सांगितलं ना," तो पुटपुटला.

"काय सांगितलं?"

"की तिसरा भाग रिकामा करून ठेवलाय, जमलं तर तिथे टाका."

"जमलं तर?"



भासऱ्यांनी कौतुकाने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. मी चहा ठेवला, उकळला, गाळला, कप बाहेर गेले, त्यांचा पिऊन संपला, तेव्हा कुठे पडदा उजळला. "नवं आहे, बसायला वेळ लागतो," ते म्हणाले. ते खाली गेल्यावर मी पॅकेजची सीडी घालून पाहिली. नकार. डबी काढून पुन्हा खोचली. नकार. दुसऱ्या भागातल्या माझ्या फायली शाबूत होत्या. सगळ्या पत्रिका, पाटणची सुद्धा. दिसत होत्या, उघडत नव्हत्या. बंद कपाटातल्या साड्या काचेतून बघाव्यात तसं.

नवऱ्याने खाली जाऊन काहीतरी सांगितलं असावं, कारण जिन्यातून मोठ्याने उत्तर आलं, "तिला सांग, हिंदीच्या फॉन्टमध्ये टाइप कर. मराठी काय अन् हिंदी काय, अक्षरं तीच!"

यावर मी काही पाठवलं नाही. पाठवलं असतं तर वाटेत त्यात साखर पडली असती.

जेवताना नवरा म्हणाला, "मी उद्या बोलतो दादाशी. सावकाश. त्यांचा मूड बघून."

"काय बोलणार?"

"की तुला थोडी अडचण आहे."

"मला थोडी अडचण नाही. माझं काम बंद पडलंय. हे वाक्य तुम्हाला म्हणता येईल का? मला म्हणून दाखवा."

त्याने ताटात बघितलं. "मोठे आहेत ते. वाईट वाटेल त्यांना."

"मला वाटलेलं कोण नेऊन पोचवतं?"

तो वरणात लिंबू पिळत राहिला. मला त्याचा राग भासऱ्यांपेक्षा जास्त आला होता. भासऱ्यांनी चूक केली ती न सांगितल्यामुळे. बत्तीस वर्षं मशीनसमोर बसलेल्या माणसाला 'तिसरा घ्या, पहिला सोडा' असं कुणी स्पष्ट म्हटलं असतं तर कुरकुरत का होईना, त्यांनी तिसरा घेतला असता. त्यांना कुणी म्हटलंच नाही. म्हणायचं काम ज्याच्याकडे होतं तो सज्जन होता. आणि दोघांच्या मधे त्याला उभं करून ठेवण्यात माझाही हात होता. न बोलण्याची सोय मला आवडत होती. ती सोय मला महागात पडली, तेव्हा बंद करणं भाग होतं.

सोमवारी सुट्टी होती. सकाळी सहाला उठून एक्सपीची डिस्क, पॅकेजची सीडी आणि डबी पुसून टेबलावर मांडली. अंघोळ करून बाहेर येते तो भासरे खुर्चीवर. सेव्हन सुरू होण्याची वाट बघत बसले होते. माझ्या डिस्का त्यांनी बाजूला सारून त्यावर पेपर ठेवला होता. नवरा दाराशी दात घासत उभा होता.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "भाऊजी, उठा. मला मशीन पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं. "काय म्हणते ती?"

नवऱ्याने तोंडातला ब्रश काढला. मी म्हटलं, "त्यांना विचारू नका. मी इथे आहे आणि मराठीतच बोलतेय. पहिल्या भागात माझं काम होतं, ते तुम्ही पुसलंत. तिथे मी आता एक्सपी परत टाकणार. तुमचं सेव्हन नंतर तिसऱ्यात टाकून देईन. जुनं आधी, नवं नंतर, तरच दोन्ही चालतात. आता उठा. दुपारच्या आत माझी पत्रिका प्रेसला जायची आहे."

"हे मला काल काहून नाही सांगितलं?"

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा शोधला, वाचली, मागची बाजूही बघितली. मग नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने ब्रश पुन्हा तोंडात घातला.

"बायको बोलायला लागली तुझी," ते त्याला म्हणाले. पण उठले.

ते उभे होते, मी खुर्चीवर बसले. डिस्क घातली. पडद्यावर तीन भाग आले. पट्टी पहिल्यावर नेऊन मी एंटर दाबलं. ते मागे उभे राहून बघत होते, श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने म्हणाले, "एनटीएफएस घे, क्विक." फॉरमॅटच्या यादीतून मी तेच घेत होते. "माहीत आहे," म्हटलं. ते खाली निघून गेले.

अकराच्या सुमारास डबी ओळखली गेली आणि पॅकेज उघडलं. पाटणच्या पत्रिकेत आजोबांच्या बहिणीचं नाव घातलं, ती पत्रिका वाचून परत जाऊ नये म्हणून यादीत वरच घातलं. सीडी तयार केली. भासरे टेबलावर ठेवून गेलेली ती चिठ्ठी सेलोटेपने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या तोंडावर चिकटवली, आहे तशी. मग स्कूटरची किल्ली घेऊन खाली उतरले. भासरे ओट्यावर पेपर वाचत होते, पेपर जरा जास्तच वर धरलेला.

"भाऊजी, सेव्हनची डिस्क वर टेबलावर ठेवा," मी म्हटलं, आणि किक मारून प्रेसला गेले.