घाणेरीच्या खालची दुसरी ओळ

मंडळी, आज मी पुरता अडकलोय.

जत भागात नव्यानं मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी आम्ही झाडपाल्याची माहिती साध्या मजकुरात लिहिली. एका ओळीत नाव, खालच्या ओळींत कोलन देऊन माहिती. ती वेबपानावर आणायला मी रेग्युलर एक्सप्रेशनचा, म्हणजे मजकुरातून हव्या त्या ओळी शोधून उचलणारा, नमुना लिहिला आणि सकाळी या मेंढपाळांच्या ग्रुपवर लिंक टाकली.

दुपारी माहिती सांगणाऱ्या सखूबाईंचा फोन आला. "आवं सर, घाणेरीची पिकली फळं पोरं खात्यात, एवढंच दिसतंय. पाला खाऊन मेंढरू मरतंय, ते कुठं गेलं?"

माझा नमुना कोलनची पहिलीच ओळ उचलत होता. तो सुधारून पान पुन्हा टाकलं, तर थांबेचना. पुढची नावंही गिळून त्यानं हराळीसुद्धा घाणेरीच्या धोक्यात घातली.

सखूबाईंचा पुन्हा फोन: "आता हराळी बी नगं? मग मेंढरांस्नी तुमचं भाषण चारू व्हय?"

अर्धं सत्य लोकांपुढे ठेवणं हा गुन्हा आहे, असं मी प्रत्येक व्यासपीठावरून बजावतो. आज तेच मी केलं. पान बंद केलंय, एकेकाला फोन करतोय. उमदीकडच्या तिघांचे लागत नाहीत.

पुढच्या नावाआधी थांबणारा नमुना कुणाला जमतो का? त्याआधी, उमदीकडं कुणी असाल तर एवढा निरोप द्या: घाणेरीचा पाला चारू नका.