चिंचेची डावी फांदी

जगात न जोडता येण्यासारखं काहीच नसतं, असं मनापासून मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. तो म्हणजे मळमड्डीतले आमचे घरमालक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी धारवाडला आले, आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. अण्णांच्या घरात कपाचा कान, छत्रीची काडी, चपलेचा अंगठा, काही म्हणून टाकून दिलं जात नसे. त्यांनी जोडलेल्या एका खुर्चीवर पहिल्यांदा बसायचा मान माझ्या सासूबाईंना मिळाला आणि त्या खुर्चीसकट खाली आल्या. आम्ही सगळे सासूबाईंकडे धावलो, अण्णा खुर्चीकडे. "मी जोडलेला पाय शाबूत आहे बघा! मोडलाय तो दुसराच!" असं त्यांनी विजयी चेहऱ्यानं जाहीर केलं. सासूबाई त्यानंतर आमच्याकडे आल्या की अण्णांच्या घरची विचारपूस उभ्याउभ्याच करायच्या.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी ही सगळी हौस झाडांवर काढली. ओट्यावर बोन्सायच्या कुंड्यांची रांगच होती. हातभर उंचीच्या एका बोगनवेलीवर त्यांनी कलमं बांधून पांढरी, गुलाबी आणि शेंदरी फुलं एकदम आणली होती, आणि ती पाहिल्याशिवाय कुणाची फाटकातून सुटका नसे. भाजीवालीसुद्धा डोक्यावरची पाटी सावरत "एस्ट चंद ऐति नोड्रि!" असं तोंडभर कौतुक करायची आणि पाय काढता घ्यायची. अण्णा कलम बांधायला बसले की घरातला रेडिओ बंद, मुलांचा खेळ बंद, पोस्टमन फाटकाबाहेर उभा. सगळ्यांना एकच उत्तर, "स्वल्प तडीरी!" थोडं थांबा! एकदा दूध उतू चाललंय म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून ओरडल्या, तर त्यांनाही हेच ऐकवलं. दूध काही थांबलं नाही.

पण त्यांचा खरा जीव होता तो चिंचेत. अळणावरला नोकरीला असताना गोदामाच्या भिंतीत उगवलेलं बोटभर रोप त्यांनी उपटून आणलं होतं, आणि थोरल्या मुलाबरोबर ते वाढवलं होतं. मुलगा ताडमाड झाला, चिंच गुडघ्याएवढीच राहिली, पण काय तिचा रुबाब! खोड जाडजूड, आणि डावीकडे एक खालची फांदी अशी पसरलेली की तिच्या सावलीत मुंगीनं खुशाल वामकुक्षी घ्यावी. एका सकाळी काकूंनी ओली गोधडी वाळत घातली. दोरी तुटली, गोधडी धपकन चिंचेवर आली आणि नेमकी ती डावी फांदी खोडापासून निखळली.

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काकूंशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मग काय विचारता! दोघांच्या मधलं टपाल माझ्याकडे आलं. अण्णा ओट्यावरून म्हणायचे, "आत सांगा हो बाई, चहा झाला असला तर चालेल." काकू आतून म्हणायच्या, "यांना सांग गं, कधीचा निवायलाय." दोघांत अंतर किती, तर एका उंबऱ्याचं! मला हसू यायचं, पण एकदा तांदूळ निवडताना काकूंचे डोळे भरून आले. "फांदी आली नाही तर हे असेच राहतील की गं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मीही त्या चिंचेपुढून जाताना हळूच हात जोडायला लागले.

अण्णांनी त्याच झाडाचा वरचा एक लांब कोंब खाली वाकवला, खोडाला मोडल्या जागी खाच पाडली, कोंबाची साल खरवडून तो खाचेत बसवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधला. दोन्ही एकजीव झाले की वरून येणारा कोंब कापायचा, म्हणजे खालचं टोक ही नवी फांदी. पहिल्या खेपेला घाई झाली आणि टोक वाळलं. दुसऱ्या खेपेला अण्णांनी इतकी धास्ती घेतली की कापायचं नावच काढीनात. जोड फुगला, टोकाला पालवी आली, पावसाळा सरला, तरी आपलं "स्वल्प तडीरी". वरचा कोंब इतका जाड झाला की झाडाचा सगळा डौल बिघडू लागला.

शेवटी अण्णा एका लग्नाच्या आहेराची खरेदी करायला हुबळीला दाजीबानपेठेत गेले होते, तेव्हा काकू अडकित्ता घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, "अहो काकू, नको!" त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि कोंब कापला. कट्ट!

दिवेलागणीला अण्णा परतले. कापलेला कोंब त्यांनी पाहिला, खाली वाकून नव्या फांदीकडे पाहिलं आणि मटकन ओट्यावरच बसले. फांदीची सगळी पानं मिटली होती.

"गेली गं!" ते ओरडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, थेट काकूंना. "आणि चूक तुझी नव्हतीच. ऊन मिळावं म्हणून कुंडी दोरीखाली मीच ठेवली होती. कुठल्या तोंडानं बोलू तुझ्याशी? फांदी जोडली की मग सांगू म्हटलं..."

काकू दारात उभ्या होत्या. "कुंडी कुणी ठेवली ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी सांगताय, वाट बघत होते. आणि आधी बाकीच्या फांद्या बघा की. त्यांचीही पानं मिटलीत. सगळं झाडच मेलं का? चिंच आहे हो ती! रोज तिन्हीसांजेला मिटते."

जन्मभर चिंच सांभाळलेला तो माणूस आ वासून झाडाकडे बघत राहिला. मग जे हसू फुटलं दोघांना! हसता हसता अण्णा रडायला लागले, काकू पदरानं त्यांचे डोळे पुसू लागल्या, आणि मी गुपचूप माझ्या खोलीत गेले. सकाळी बघते तर फांदीची पानं टवटवीत उघडलेली, आणि दोघं ओट्यावर चहा घेत भांडताहेत, साखर कुणी जास्त घातली म्हणून. इतकं गोड भांडण मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

पुढे आम्ही आमचं घर बांधलं. अण्णाही गेले. परवा काकूंना भेटायला गेले, तेव्हा ती फांदी आता सगळ्यांत जाड झालेली पाहिली. मी चष्मा लावून, अगदी नाक टेकवून शोधलं, पण जोड कुठं सापडेना. काकूंनी मात्र न बघता बरोबर तिथं बोट ठेवलं, आणि मग पुष्कळ वेळ ते उचललं नाही.