अण्णांचं हळू बोलणं

अण्णा शेळके हळू बोलू शकतात, हे आमच्या गल्लीत कुणाला माहीतच नव्हतं. जाफराबादच्या बसस्थानकावर त्यांनी कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी काढली. तिथला माइक बहुतेक वेळा बंद असायचा आणि त्यांना त्याची गरजही नसायची. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते ओरडत, "जालना गाडी लागली, जालना! भोकरदनवाले बसून ऱ्हा, तुमची येऊन राह्यली!" निवृत्त झाल्यावर तो आवाज घरी आला. त्यांची शुगर किती निघाली, आज भाजी कोणती, वहिनींशी भांडण झालं तर चूक कुणाची, हे सगळं आम्हाला भिंतीपलीकडून कळायचं. वहिनी म्हणायच्या, "अहो, हळू." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "लपवायचं काय त्याच्यात?"

मुलीला, मीनाला, बघायला पाहुणे आले होते तेव्हा मी तिथेच होतो. पोहे संपायच्या आत अण्णांनी सांगून टाकलं, "पोरगी बारावीला एकदा नापास झाल्ती. मंग दुसऱ्यांदा बराबर पास झाली." वहिनींचा चेहरा पांढरा पडला. पण मुलाचे वडील हसले आणि म्हणाले, "अशाच घरी सोयरीक करायची." मीना आता पुण्याला असते. पेन्शनच्या कामाला लागतं म्हणून तिनंच अण्णांच्या फोनवर ईमेल सुरू करून दिला होता.

एका हिवाळ्यात भिंतीपलीकडचा आवाज थांबला. फोन वाजला की अण्णा उठून गच्चीवर जायचे. मी हाक मारली तर मान हलवायचे. एकदा वहिनी माझ्याकडे आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमचे अण्णा घरात बोलूनच न्हाई राह्यले. जेवताना बी फोनकडंच ध्यान. मला तर भलतेसलते विचार यायलेत."

अंबडला वहिनींच्या भाचीचं लग्न होतं. निघताना त्यांनी कपाट उघडलं, तर पाटल्या नव्हत्या. अण्णा म्हणाले, "लॉकरमधी ठेवल्यात." वहिनी लग्नाला गेल्याच नाहीत. साडी न बदलता सरळ माझ्याकडे आल्या. "आमचं लॉकरच न्हाई, मास्तर," एवढंच म्हणाल्या.

मी गेलो तेव्हा अण्णा पलंगावर बसले होते. त्यांनी वाद घातला नाही. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाचा. मोठ्यानं न्हाई, मनात वाचा."

परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या सोडतीत त्यांच्या ईमेलला मोठं बक्षीस लागलं होतं. तिकीट काढावं लागलं नव्हतं, ईमेलच्या पत्त्यांमधूनच नावं निवडली होती म्हणे. पहिली अट अशी, की पैसे हातात पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, घरातही नाही. नाहीतर दुसराच कुणी हक्क सांगेल. त्याखाली लाल अक्षरात लिहिलं होतं, आजकाल फसवणूक फार होते, सावध राहा. अण्णांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "चोर असता तर त्यानं हे कशाला लिहिलं असतं?"

आधी कागदपत्रांची किरकोळ फी होती. मग कस्टमची, मग टॅक्सची, मग पैसा स्वच्छ असल्याच्या दाखल्याची. दर वेळी हीच शेवटची आणि दर वेळी आजची संध्याकाळ ही मुदत. मध्ये एकदा अण्णांनी नको म्हटलं होतं. तिकडच्या अधिकाऱ्यानं समजूत घातली नाही. तो फक्त दुखावल्यासारखा म्हणाला, विश्वास नसेल तर राहू द्या, पुढच्या माणसाला देऊन टाकतो. त्या दिवशी अण्णांनी बँकेतली ठेव मोडली. पाटल्या त्यानंतर गेल्या.

"अण्णा, हे सगळं खोटं आहे."

"मला बी वाटून राह्यलं होतं," ते म्हणाले. "पण आदीचं गेलेलं पाण्यात जाईल म्हणून पुढचं देत गेलो." मग म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्यांच्या गाड्या लावल्या, मास्तर. म्हटलं, एक आपली लागली."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपला तळहात गुडघ्यावर घासत राहिले. "काहीच वाटून न्हाई राह्यलं," म्हणाले. "रडू बी न्हाई."

तक्रार द्यायला आम्ही जालन्याला गेलो. तिथला पोलीस भला होता. लाजेपायी बरेच जण येतच नाहीत, म्हणाला. जबाब लिहून घेताना त्याला दोनदा सांगावं लागलं, "काका, जरा जोरात बोला." परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत होते. कपाशीची वाळलेली झाडं उपटून बांधावर टाकलेली होती. एवढं एकच वाक्य ते बोलले, "मीनाला मी सांगतो." त्यांनी सांगितलं. मीना आली, दोन दिवस राहिली, रागावली नाही. तिचं न रागावणंही अण्णांना लागल्यासारखं दिसलं नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. अण्णाही आता नाहीत. झोपेतच गेले. गल्लीनं त्यांच्या मोठ्या आवाजाच्या खूप आठवणी काढल्या. मी त्यात बसलो होतो, पण मला दुसरंच काही दिसत होतं.

तक्रारीनंतर काही आठवड्यांनी अण्णांना पुन्हा फोन आला. बुडालेले पैसे काढून देणाऱ्या खात्यातून बोलतोय, असं तो माणूस हिंदीत सांगत होता, हे मला नंतर कळलं. अण्णा उठले आणि गच्चीवर गेले. मी माझ्या गच्चीवर गहू वाळत घालत होतो. अण्णांच्या पाठोपाठ वहिनी आल्या. गुडघ्यांनी बेजार झालेल्या, कठड्याला धरत आल्या आणि त्यांच्या शेजारी खाली बसल्या. फोन हिसकून घेतला नाही, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बोला तुम्ही. मी ऐकून राह्यले."

अण्णांनी फोन कानावरून काढला, स्पीकर लावला आणि दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवला.

"सर, आपके पास कोई बैठा है क्या?" तिकडून आवाज आला.

अण्णांनी वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, "हां. घरवाली बैठी है."

फोन तिकडूनच कट झाला.

दोघं तशीच बसून राहिली. ऊन फरशीवरून सरकत अण्णांच्या अंगावर आलं, तशा वहिनी बसल्या बसल्याच जरा सरकल्या, आणि अण्णांना सावलीत जागा करून दिली.