देव्हाऱ्यातला पेन ड्राइव्ह

माझा थोरला भाऊ गावच्या सहकारी पाणी संस्थेचा चेअरमन. तालुक्याला तीन महिने कॉम्प्युटरचा क्लास केला आणि त्याला शिंगं फुटली. घरातल्या कॉम्प्युटरला झालरीचं झाकण शिवून घेतलं, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं. चपला घालून कुणी त्या खोलीत गेलं की अंगावर धावून यायचा.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, एकच नाद. दर महिन्याला शिवारातल्या विहिरींत दोरी सोडायची, पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. तीस वर्षांच्या वह्या होत्या. कोणत्या दुष्काळात कोणती विहीर टिकली, सगळं त्यांत होतं. त्या वर्षी गाव टँकरवर जगत होतं आणि संस्थेला नवी विहीर पाडायची होती. जागा या वह्यांवरून ठरावी, एवढीच अण्णांची इच्छा.

दादाने त्या मला टाइप करायला लावल्या. काम संपलं त्याच दिवशी वह्या रद्दीत घातल्या.

"आता समदं आत हाय. वाळवी कशाला पाळायची घरात?"

मी म्हटलं, एक कॉपी दुसरीकडे ठेव.

"घेतलाय बॅकअप. तू मला शिकवू नको."

पेन ड्राइव्ह लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात कुलदैवताच्या टाकाशेजारी ठेवला होता. साक्षात देव राखणीला बसवल्यावर आत काय आहे ते कोण बघतो!

पुढे लाइटच्या लपंडावात कॉम्प्युटर बंद पडला. बीडचा मेकॅनिक आला. "चेअरमनसाब, बॅकअप है ना? सब उड जायेगा."

"हाय की! खुशाल मारा फॉरमॅट."

त्याने मारला.

विहिरीची जागा ठरवायच्या सभेत दादाने सगळ्यांदेखत फडकं सोडलं. पडद्यावर एकच चित्र आलं, कोपऱ्यात वाकडा बाण. दाबलं तर फाइल सापडेना. या दीडशहाण्याने डेस्कटॉपवरचा शॉर्टकट तेवढा उचलला होता. घर सोडून घराकडे बोट दाखवणारी पाटी जपली होती.

अण्णा उठले. आठवेल तसं सांगू लागले, "वढ्याच्या वरल्या अंगाला पाणी न्हाई. खाली बघा."

"तोंडी चालत न्हाई, अण्णा. सहकारात लेखी लागतं."

दोघं-चौघं हसले. दादाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला. अण्णा खाली बसले.

विहीर वरच्या अंगाला पाडली. कोरडा पाषाण लागला. कॉम्प्युटरच खराब होता, असं दादा आजही छातीठोक सांगतो. लबाडीने केलं असतं तर निदान हुशार तरी म्हटलं असतं मी त्याला.

पुढच्या महिन्यात अण्णा विहिरींवर गेले नाहीत. मी कोरी वही आणली. म्हटलं, चला, तुम्ही मोजा, मी लिहून घेते. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कशाला? पुन्ना पुसून टाकायला?"