अंड्यांवर उभा राहून

त्या एप्रिलमध्ये मी अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावाहून मासे धरायला गेलो, हे लिहितानाही मान खाली जाते. बायकोला सातवा महिना होता. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. पण मॅनेजरने स्वतः बोलावलं होतं. आमच्या घरात शिकून नोकरीला लागलेला मी पहिलाच. साहेबाला नाही म्हणणं मला जमतच नसे. "जा रे, शेजारी काकू आहेत," ती म्हणाली. "मासा आणलास तर साफ मात्र तूच करायचा!"

उत्तरेकडच्या जंगलातली नदी. फोनला रेंज नाही. मोठ्या सरोवरातले स्टीलहेड मासे तिथे वसंतात अंडी घालायला येतात. मॅनेजर आणि ऑफिसातले बाकीचे वळणापलीकडे गेले. मी छातीपर्यंतची रबरी विजार चढवून पाण्यात उतरलो, पण गळ टाकवेना. जीव घरी अडकला होता. गळाची काठी काखेत धरून हात जोडले, "आई भवानी, माझं लेकरू सांभाळ."

"बाहेर ये आधी!" काठावरून एक म्हातारी अमेरिकन बाई ओरडली. "दिसत नाही का? त्यांच्या अंड्यांवर उभा आहेस तू!"

खाली पाहिलं. माझ्या बुटांखाली गोट्यांचा फिकट खळगा होता, मादीने शेपटीने उकरलेला. ती शेजारीच प्रवाहात थांबली होती. पळाली नव्हती.

काठावर आलो आणि त्या परक्या बाईपुढे मला रडू कोसळलं. सगळं सांगितलं. "मग इथे काय करतोयस, मूर्खा? चल!" म्हणत तिने मला पिकअपमध्ये बसवून टेकडीवर नेलं. तिथे रेंज मिळून काकूंना फोन लागताच त्या म्हणाल्या, "अरे, होतास कुठे? कळा सुरू झाल्यात तिला, हॉस्पिटलात आणलंय. ये बाबा लवकर." बाईला मराठी कळलं नाही, पण माझा चेहरा कळला. वाटेतल्या दुकानात मॅनेजरसाठी निरोप ठेवून तिने मला थेट हॉस्पिटलच्या दारात सोडलं. मी तिचं नावही विचारलं नाही.

मुलगी झाली होती, एवढीशी, काचेच्या पेटीत. पेटीपुढे हात जोडले, पण 'सांभाळ' म्हणायला जीभ उचलेना. दुसऱ्या आईची लेकरं पायाखाली तुडवत मी माझं एक मागत होतो, आणि तिथूनच मला कुणीतरी हाक मारून बाहेर काढलं. याला काय म्हणावं, मला ठाऊक नाही. मी काहीच मागितलं नाही. ती चिमुकली छाती वर-खाली होत होती. ते माझ्या हाती कधीच नव्हतं.

पोर जगली. देवीचे उपकार मानताना आजही मला नजर वर करवत नाही.